नमुना

माझे बाबा उरणकडच्या मिठागरात मीठ ओढायचे आणि मी मुंबईत डॉक्टर. कंपवात कुठल्या जनुकामुळे होतो, हे शोधणं माझं काम. बाबांचाच उजवा हात थरथरायला लागला तेव्हा, खरं सांगते, माझं सगळं शिक्षण पाण्यात गेल्यासारखं वाटलं.

आजोबांचाही हात तसाच हलायचा. म्हणून बाबांच्या दंडावरून कातडीचा इवलासा तुकडा घ्यायचं ठरलं. त्यातून पेशी वाढवायच्या आणि बिघाड शोधायचा. संमतीचा फॉर्म माझ्या सहकाऱ्याने आणला, पण बाबा म्हणाले, "माजी पोरगीच वाचंल." त्या फॉर्ममधलं एक वाक्य मी प्रत्येक पेशंटला थांबून, डोळ्यांत बघून वाचून दाखवते: या नमुन्यामुळे तुमचा आजार बरा होणार नाही. बाबांच्या वेळी ते मी गिळलं. धीरच झाला नाही मेला!

"नमुना म्हंजे मी व्हय?" बाबा खो खो हसले. "तुजी आय जल्मभर त्येच म्हनते!"

तेव्हापासून फोनवर सुरुवात ठरलेली. "नमुना बोलतोय. रिपोर्ट आला का गो बाय?"

मीही गमतीत त्यांचा नंबर 'नमुना' नावानं सेव्ह केला. "येईल हो बाबा," म्हणायचे. त्यांनी गावभर सांगितलं, पोरीनं इलाज चालू केलाय. मीठ ओढायच्या फळीला नवा दांडा बसवून घेतला. शर्टाचं बटण लावता येत नव्हतं, आणि हा माणूस दांडा बसवतोय! दर खेपेला घरी जाताना मी ठरवायचे, आज सांगायचंच. त्यांचं तोंड बघितलं की चहा पिऊन परत यायचे.

मागच्या महिन्यात जेवताना ठसका लागून घास छातीत गेला, न्यूमोनिया झाला आणि बाबा गेले. त्यांच्या पेशी प्रयोगशाळेत अजून वाढताहेत. दर दोन दिवसांनी मी त्यांना खाणं घालते. बाबांना भरवायला मात्र मी नव्हते.

परवा पेशींना खाणं घालत असताना फोन वाजला. स्क्रीनवर 'नमुना'. हातमोजे काढून उचलला. आई होती.

"रिपोर्ट आला का गो? तुजं बाबा जाताना बोललं, इचारीत ऱ्हा. ती फळी मी आत घेतलीय, दांडा भिजंल म्हनून."

आता तरी खरं बोलायचं ना! आता कुणापासून लपवायचं होतं?

"येईल," मी म्हणाले.