उपरण्याखालचा भाव

काष्टीच्या बैलबाजारात गेनबा दलालाची हयात गेली ती उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवण्यात. घेणारा-विकणारा सोडून तिसऱ्याला आकडा कळत नसे. पंच्याण्णव साली त्यानं सुनेला बाळंतपणासाठी खासगी दवाखान्यात नेलं. खर्च विचारला की डॉक्टर म्हणत, "बघू नंतर." सून सुखरूप सुटली, मुलगी झाली. पण शेजारच्या दोन खाटांवरच्या बायकांपैकी एकीला तसल्याच बाळंतपणाचं दुसरीच्या दुप्पट बिल लावलेलं ऐकलं आणि गेनबाचं टाळकंच सणकलं.

भरल्या दवाखान्यात त्यानं आपलं उपरणं डॉक्टरांच्या हातावर टाकलं, खालून त्यांची बोटं पकडली आणि ओरडला, "दाबा बोटं, डॉक्टरसाहेब! हितंबी बैलबाजारच हाय न्हवं?"

सगळे पेशंट खो-खो हसत सुटले. डॉक्टरांना तोंड लपवायला जागा उरली नाही.

सून घरी निघाली त्या दिवशी दारावर रंगवलेली पाटी लागली होती, सलाइनपासून बाळंतपणापर्यंत सगळे दर लिहिलेली. गेनबाला वाचता येत नव्हतं. त्याच उपरण्यात नात गुंडाळून तो पाटीसमोर ताठ उभा राहिला.

"वाचा रं कुनीतरी, मोठ्यानं वाचा! माझ्या सुनंचं बाळंतपन उघड्या भावानं झालंय!"