देवणीतलं चमचाभर पाणी

नवरा जाऊन वर्ष झालं तरी घर खायला उठायचं. मैत्रिणीने उदगीरजवळच्या एका मौन शिबिराबद्दल सांगितलं आणि मी नाशिकहून एकटीच नांदेडच्या गाडीत बसले.

नांदेडहून एसटीने कंधार. किल्ला सकाळीच बघा, नंतर दगड तापतात. खंदकात नुसती भेगाळलेली माती होती. स्टँडसमोर भाकरी, पिठलं, ठेचा झकास मिळाला. पाणी मात्र मागितल्यावर अर्धा पेला. उन्हाळ्यात येणार असाल तर पाणी सोबत आणा.

उदगीरचा रस्ता खड्ड्यांचा. मागच्या सीटवर दोघे बोलत होते.

"उदगीर जिल्हा झाला की नळाला पानी येतंय म्हनायलेत."

"जिल्हा कागदावर व्हतोय. पानी कुठून आनतेत?"

एवढ्यात शिबिरवाल्यांचा फोन आला. बोअर आटला, शिबिर रद्द. शेजारी बसलेली महानंदा सासूचं औषध घेऊन देवणीला परतत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"गप बसायचंच हाय न्हवं, ताई? आमच्या घरी बसा. आत्याबाईजवळ मानूस लागतंयच."

आत्याबाई म्हणजे तिची सासू. मी महानंदासोबत देवणीला गेले. बाजेवर हाडांचा सापळा उरला होता, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. महानंदाने घागर उचलली आणि वाटी-चमचा माझ्या हाती दिला.

"घाई करू नका. गिळलं का बघा, मंगच दुसरा."

मी म्हातारीच्या गळ्याकडे बघत बसले. चमचा टेकवायचा, थांबायचं. गळा हलला की पुढचा. बाहेर भांडणं चालली होती, माशा घोंघावत होत्या. वर्षभरात पहिल्यांदा मी, नवरा गेला त्या मागच्या दवाखान्यात नव्हते, की पुढच्या रिकाम्या घरात. त्या गळ्याशी होते. मग एक चमचा ओठांच्या कडेने बाहेर ओघळला. गळा हललाच नाही.

महानंदा घागर घेऊन आली. तिने सासूचे डोळे मिटले आणि तिथेच खाली बसली. मग म्हणाली, "आंघोळ घालावी लागंल." घागरीत तळाशी पाणी होतं. टँकर आमच्या गल्लीपर्यंत पुरला नव्हता.

कुणी कुणाला बोलावलं नाही. गल्लीतल्या बायका एकेक तांब्या घेऊन आल्या. सगळ्यांनी आपापल्या रांजणातलं काढून आणलं होतं. मी माझ्या बाटलीतलं ओतलं. म्हातारीला न्हाऊ घातलं, विभूती लावली आणि त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून माती दिली. संध्याकाळी महानंदाने मला भाकरी वाढली. स्वतः दोनच घास खाल्ले.

आता नाशिकला परतून महिना झाला. शांती मिळाली का, असं सगळे विचारतात. नाही मिळाली. नवऱ्याची आठवण पूर्वीइतकीच येते. भाजी चिरताना आली, तर मी रडते आणि भाजीही चिरते. आधी यातलं एकच काहीतरी जमायचं.