नदीच्या रुंदीचा कागद

बायको गेली त्याला सात महिने झाले. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहितो. माझी शाळा तीन यत्तांची, अक्षर वाईट, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. हे तिच्या धाकट्या भावाच्या शिक्षणाचं आहे. त्यानं गणितात बी.ए. करावं असं तिनं मनात धरलं होतं. ते झालं नाही. का झालं नाही ते मला आणि त्याला माहीत. तिला नाही.

आमचं गाव पुसेगावच्या बाजूला. तेव्हा इथं निजामी अंमल. मी जमीन मोजणीवर साखळी ओढायचो. पुढचा गडी टोक धरून चालतो, मागचा खुंटीपाशी उभा राहतो, आणि मोजणीदार सावलीत बसून लिहितो. वीस वर्षं मी तेच केलं. सासू-सासरे पटकीनं एका आठवड्यात गेले, तेव्हा नऊ वर्षांचा मेव्हणा आमच्या घरी आला. आम्हाला मूलबाळ नव्हतं. तिनं त्याला पोटच्यासारखं वाढवलं.

पुढं तो हिंगोलीला शाळेत गेला. शिकणं सगळं उर्दूत. त्याच्या गणिताच्या मास्तरांनी एकदा मला बोलावून घेतलं. म्हातारे मुसलमान, दाढी पिकलेली, हाताला कायम खडूची भुकटी. आम्ही त्यांना मास्तरसाब म्हणायचो. म्हणाले, हा पोरगा माझ्या शिकवण्याच्या पुढं गेला आहे, याला हैदराबादला पाठवा. दोन वर्षं इंटर, दोन वर्षं बी.ए. मी विचारलं, मग पुढं काय? साखळीच ओढणार ना? त्यांनी बोटं मोजत सांगितलं. शाळेत मोठा मास्तर होईल. बंदोबस्त खात्यात मोजणीदारांचा साहेब होईल. रेल्वेत, सरकारी खजिन्यात जाईल. ताऱ्यांची गणितं करणारी वेधशाळा आहे, तिथं जाईल. विम्याच्या कंपनीत हजार माणसांतली किती पुढच्या साली मरणार याचा हिशेब करायला माणूस लागतो, तेही काम आहे.

मी घरी येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. बायकोनं साहेब, खजिना, तारे सगळं ऐकून घेतलं. शेवटचं ऐकल्यावर भाकरी तव्यावर टाकता टाकता थांबली. "मरणाराची गिनती नको माझ्या भावाला," म्हणाली. "बाकीचं कायबी चालंल."

मला मात्र भरवसा नव्हता. जिथं साखळी पडत नाही तिथली मोजणी मला मान्य नव्हती. पोरगं शेवटच्या यत्तेत होतं, पावसाळा होता, पैनगंगा दुथडी भरली होती. नदी म्हणजे तेव्हा हद्द. अलीकडं निजाम, पलीकडं वऱ्हाड, आणि त्याच महिन्यात तिथं इंग्रज जाऊन स्वराज्य आलं होतं. मी त्याला काठावर नेलं आणि म्हणालो, "नदी न ओलांडता तिची रुंदी सांग. बराबर निघाली तर शीक. न्हाई तर उद्यापासून माझ्यासंगं कामाला."

तो हसला. "दाजी, तुमी साखळी तेवढी धरा."

पलीकडच्या एका बाभळीच्या बरोबर समोर त्यानं खुंटी ठोकली. काठानं एक साखळी चालला, दुसरी खुंटी. अजून एक साखळी, तिसरी. मग नदीकडं पाठ करून सरळ रानात निघाला. दर दोन पावलांनी मागं वळून बघायचा. मधली खुंटी आणि पलीकडची बाभूळ एका रेषेत आली तसा थांबला. "मी जेवढा मागं आलो तेवढी नदी," म्हणाला. मी मानलं नाही. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर आम्ही पात्रातून साखळी टाकली. फरक हातभराचासुद्धा नव्हता. त्या दिवशी मी घरी येऊन बायकोला म्हणालो, जाऊ दे त्याला.

आता माझी चूक सांगतो. त्यानं वहीत तो हिशेब लिहिला होता, दोन त्रिकोण आणि कोपऱ्यांना अलिफ, बे, जीम. मी म्हणालो, याला काय कागद म्हणतात? आमच्या खात्यात उत्तर दिशा दाखवल्याशिवाय, हद्द काढल्याशिवाय कागद पुरा होत नाही. त्याला जवळ बसवून मी तो हिशेब कोऱ्या कागदावर उतरवून घेतला आणि हे सगळं त्यात भरून घेतलं. उत्तरेचा बाण. हद्दीची तुटक रेघ. गावाकडून येणारी पायवाट. कमी पाण्यात गाडी ओलांडते तो उतार. काठावरची मोठी झाडं. तो म्हणाला, "दाजी, गणिताला याची गरज न्हाई." मी म्हणालो, "तू गणित कर, कागद मला कळतो." कागद इतका देखणा झाला की मी तो मोजणीदाराला दाखवला. त्यानं घडी घालून परत दिला आणि इकडंतिकडं बघत म्हणाला, हा घरात ठेव. मला वाटलं, माझ्यावर जळला.

त्या उन्हाळ्यात हवा बिघडत गेली. आठवडी बाजार अर्धा भरायचा. काही घरांना सकाळी कुलूप दिसायचं, माणसं नदीपल्याड गेलेली. निजामाच्या बाजूचे हत्यारबंद लोक गावात येऊन पाटलाच्या ओट्यावर बसायचे, पाणी मागायचे, कोण कुठं गेलं ते विचारायचे. डोंगरकड्याकडच्या माझ्या मावसभावाचा निरोप आला, मोजणीला इकडं येऊ नका. बायकोनं कुत्र्याला अंगणातून घरात घेतलं. रात्री भुंकायला नको, म्हणाली.

मेव्हणा मॅट्रिक झाला. मास्तरसाब स्वतः बैलगाडीनं आमच्या घरी आले. चहा घेतला नाही. म्हणाले, हैदराबादचं मी सांगितलं होतं ते विसरा. याला नदीपल्याड पाठवा, नागपूरला. तिथं शिकणं इंग्रजीत, याचं एक वर्ष वाया जाईल, शब्द सगळे नव्यानं घोकावे लागतील. बायकोनं विचारलं, "काहून मास्तरसाब? तुमीच तर हैदराबाद म्हणला व्हता."

त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "बेटी, राज का कुछ ठिकाना नहीं. डिग्री ऐसी जगा की लेना, जो जगा चार साल बाद भी रहे."

मृगाच्या तोंडाला आम्ही निघालो. तो आणि मी. पत्र्याची एक पेटी. त्यातला नदीचा कागद मीच वर ठेवला. म्हणालो, कॉलेजातल्या साहेबाला पहिल्यांदा हा दाखव, तोंडानं काही सांगायची गरजच पडणार नाही. त्याला तो न्यायचा नव्हता. माझा शब्द मोडायची त्याला सवय नव्हती.

हद्दीच्या नाक्यावर आमच्या पुढं एकच गाडी होती. तिच्यावरचं सामान रस्त्यावर उपसलेलं. बाई खाली बसून भांडी गोळा करत होती. आमचा नंबर आला. बंदूकवाल्यानं पेटी उघडली, आणि वरच कागद. त्यानं तो उजेडाकडं धरला. उर्दू त्याला वाचता येत होतं, सगळं वाचता येत होतं. नदी. उतार. पायवाट. गावाचं नाव. लांबी-रुंदी. त्यानं दुसऱ्याला हाक मारली. दुसऱ्यानं तिसऱ्याला.

"ये नक्शा किसने बनाया?"

"मी," मेव्हणा म्हणाला.

"किसने बोला बनाने को?"

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. एकदाच. माझ्या हातात पेटीचं झाकण होतं, ते मी धरून राहिलो. तो म्हणाला, "कोणी न्हाई. मला गणित येतं म्हणून काढला."

त्याला आत नेलं. मला म्हणाले, बुढे, वापस जा. मी तेव्हा पस्तिशीचासुद्धा नव्हतो.

मी पेटी घेऊन एकटा परत आलो. बायको दारात होती. मी सांगितलं, नाक्यावर अडवलं, पेटीत काहीतरी सापडलं. काय सापडलं आणि ते पेटीत कोणी ठेवलं ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी निरोप मिळताच मास्तरसाब गणिताचं पुस्तक काखेत मारून ठाण्यावर गेले. हा शाळेतला धडा आहे, हे त्यांनी त्या लोकांना पान उघडून समजावलं असं म्हणतात. उतार आणि पायवाट कोणत्या धड्यात आहे, असं त्यांना विचारलं. तरी ते रोज जात राहिले. हिंगोलीतले त्यांचेच लोक त्यांना टाकून बोलायला लागले.

तीन महिन्यांनी मेव्हणा सुटला. पोळा होऊन गेला होता. डाव्या कानानं त्याला ऐकू येत नव्हतं. आत काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पुढं थोड्याच दिवसांत फौज आली आणि राज्य गेलं. नंतरच्या दिवसांत मास्तरसाबांच्या गल्लीतली घरं ओस पडली. ते कुठं गेले ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी शोधलंही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बायकोनं पुन्हा विषय काढला. रस्ते मोकळे होते, नाक्यावर कोणी नव्हतं. मेव्हणा म्हणाला, "दाजी म्हणतील तसं." ती माझ्याकडं बघायला लागली. मला वाटलं, हा शिकून मोठा झाला की एक दिवस त्या कागदाचं बोलेल. म्हणालो, "राहू दे. त्याच्यात आता दम न्हाई." तो ऐकून उठून गेला. दोन महिन्यांनी गावच्या शाळेत पाढे शिकवायला लागला, आणि म्हातारा होईपर्यंत तेच शिकवत राहिला. पदवी नाही म्हणून मोठा मास्तर कधी झाला नाही.

बायको शेवटी अंथरुणाला होती तेव्हा एका दुपारी मी तिला चमच्यानं पाणी पाजत होतो. ती म्हणाली, "माझ्या भावानं धीर केला न्हाई. तुमी तर पेटी घेऊन त्याला पोचवायला निघाला व्हता."

मी म्हणालो, "व्हय."