सांगितलं की गुण जातो

गुलबर्ग्याच्या दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी माझ्या रक्ताचा रिपोर्ट वाचला, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाल्या, "हिपॅटायटिस ई आहे." माझं कोरं तोंड बघून त्यांनी सोपं केलं. "कावीळ. खराब पाण्यातून येणारी. लिव्हरला सूज आली आहे. बहुतेक लोक आराम केल्यावर बरे होतात, घाबरू नका."

मी घाबरले नव्हतेच. कावीळ काय, आमच्याकडं कुणालाही होते आणि जाते. मी पदर सावरून उठायला लागले, तर त्यांनी विचारलं, "घरी कोणी गरोदर आहे का?"

तिथं मात्र मी परत खुर्चीवर बसले. गौरी घरी होती. माझी एकुलती एक लेक, सातवा संपत आलेला, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणलेली.

बाईंनी लपवलं नाही. हीच कावीळ शेवटच्या महिन्यांत पोटुश्या बाईला झाली तर ती साधी राहत नाही, म्हणाल्या. लिव्हर एकदम बसू शकतं, रक्त गोठत नाही, आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. "आजपासून तिला उकळलेलंच पाणी. आणि तिची रक्ततपासणी करून घ्या." मी मान हलवली, पण कानात नुसतं गौरीचं नाव वाजत होतं.

आमचं गाव बिदर जिल्ह्यात, हुलसूरच्या पुढं, महाराष्ट्राच्या हद्दीला चिकटून. गावाचं नाव लिहीत नाही. आधीच मी पुष्कळ सांगून बसले आहे, ते पुढं येईलच. मालक शेती बघतात, तूर आणि थोडं सोयाबीन. मी घराला लागून असलेली पिठाची गिरणी चालवते, तिथंच सुटं तेलही विकते. भिंतीला भिंत लावून माझी थोरली जाऊ राहते, शांतक्का. तिचा स्वभाव असा की दुसऱ्याच्या तब्येतीची काळजी तिनंच करायची आणि तिच्या तब्येतीत कुणी नाक खुपसायचं नाही. गौरीला छातीत जळजळ व्हायची, तर ही तिच्या मागं हात धुऊन लागलेली असायची. हे खाऊ नको, ते पिऊ नको. पोरगी वैतागायची.

गुलबर्ग्यात माझा भाऊ दालमिलमध्ये कामाला आहे. त्याच्या घरी वास्तुशांतीला म्हणून मी गेले होते. जायच्या आधीपासून अंग मोडून आलं होतं, तोंडाला चव नव्हती, भाताचा वास आला की मळमळायचं. बसचा त्रास असेल म्हणून सोडून दिलं. भावाकडं पोचल्यावर लघवी मोहरीच्या तेलासारखी व्हायला लागली. मी ते कुणाला सांगितलं नाही. पण भावजयीनं अंगणात माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "अक्का, तुमचे डोळे पिवळे दिसायलेत."

मी म्हटलं, मला गावी सोडा, मी औषध घेते. भाऊ ऐकेना. "तिकडं जाऊन पाला खाणार व्हय तू? आधी रक्त दाखव." लहान भाऊ असून माझ्यावर असा कधी ओरडला नव्हता. म्हणून गेले.

आता ते औषध काय, ते सांगते. हद्दीपलीकडं, महाराष्ट्रात, आमच्यापासून फार लांब नाही, एक अप्पा काविळीचं औषध देतात. रविवारी आणि गुरुवारी. पैसा घेत नाहीत. उपाशीपोटी पाल्याचा रस घ्यायचा, तेल-तिखट बंद आणि सुई टोचून घ्यायची नाही. सगळ्यात मोठं पथ्य म्हणजे डोळे साफ होईपर्यंत आपण औषध घेतलंय हे कुणाला बोलायचं नाही. सांगितलं की गुण जातो. माझ्या सासूनं हे पाळलं, तिच्या सासूनंही पाळलं असणार. आमच्यात इतर कुठली गोष्ट पोटात राहत नाही, पण ही राहते.

दवाखान्यात मला ठेवून घेतलं. बिलिरुबिन फार वाढलं होतं. बिलिरुबिन म्हणजे रक्तातला पिवळेपणा, लिव्हर बिघडलं की तो साठत जातो. शिवाय रोज आयएनआर बघायचे, म्हणजे रक्त वेळेत गोठतंय का ते. औषध म्हणाल तर विशेष काही नाही. सलाईन, ओकारीची गोळी, पडून राहणं. मी गिरणीच्या आवाजात आयुष्य काढलेली बाई, मला त्या शांततेत झोप लागेना.

भरती झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. बोलणारा बिदरहून, जिल्ह्याच्या साथरोग खात्यातला डॉक्टर. आवाजावरून तरुण वाटला. माझं नाव, माझं गाव, माझा आजार, सगळं त्याला माहीत. मी चपापले. माझ्या मालकांना नीट कळलं नव्हतं अजून आणि बिदरला कसं कळलं?

त्यानं समजावून सांगितलं. अशा आजाराचा रिपोर्ट आला की दवाखाना तो लगेच कॉम्प्युटरवर टाकतो. पेशंट कुठल्याही शहरात असो, तो ज्या गावचा त्या जिल्ह्याला तो दिसतो. शिवाय गावागावातली आशाताई आणि सरकारी दवाखाने रोजच्या रोज कळवतात, कुठं ताप वाढलाय, कुठं जुलाब. एकाच गावातून एकसारखं दुखणं यायला लागलं की यांच्याकडं घंटा वाजते आणि माणसं निघतात. साथ गावभर व्हायच्या आधी धरायची, यासाठी हे सगळं.

मग तो म्हणाला, "पण अक्का, तुमच्या गावातनं काविळीची एकबी खबर न्हाई. आशाताई रोज निरंक कळवायलीय. तुम्ही बाहेर कुठं पाणी प्यालात का? लग्नाला, यात्रेला? का गावात अजून कुणाला हाय?"

होते, मला माहीत होतं.

गिरणीत सगळं गाव येतं. ज्वारी टाकताना, पीठ भरून घेताना माणूस समोर उभा राहतो, त्याचे डोळे दिसतातच. गुलबर्ग्याला यायच्या आधीच्या पंधरवड्यात मी किती पिवळे डोळे बघितले होते. कुणी विचारायचं नाही, त्यांनी सांगायचं नाही. शेंगदाण्याचं तेल न्यायला कुणी आलं नाही की समजायचं, पथ्य चालू आहे. खुद्द माझी जाऊ, शांतक्का, दोन गुरुवार हद्दीपलीकडं जाऊन आली होती. आशाताई घरोघर फिरायची, तर लोक दारातूनच तिला सगळं ठीक म्हणायचे. तिची काय चूक? आणि हद्दीपलीकडच्या अप्पांकडं कुठलं आलंय कॉम्प्युटर.

"अक्का, ऐकायलाव ना?" तो म्हणाला. "एका पेशंटवर मला गावचा नळ बंद करता येत न्हाई. अजून हायत असं कळलं तर आजच टीम निघते."

मला खरंच वाटत होतं की सांगितल्यावर त्यांचा गुण जाईल. हे वाचून कुणी हसेल तर हसो. शिकलेली माणसंही मांजर आडवं गेलं की थांबतात. माझ्या तोंडातून नाव निघालं आणि तिकडं एखादा दगावला तर काय करायचं, हा विचार माझ्या मनात आला. पण त्याच नळाचं पाणी गौरी पीत होती. तिला काही झालं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं?

दुसऱ्यांच्या घराची नावं आधी घ्यायला जीभ वळेना. म्हणून आपल्याच घरापासून सुरू केलं. म्हटलं, "लिहून घ्या. माझी थोरली जाऊ." मग एकेक घर सांगत गेले, गिरणीत उभं राहिल्यावर डोळ्यांपुढं येतात तशी. कुठं जाऊन औषध घेतात तेही सांगितलं. तो एकेक नाव परत म्हणून लिहून घेत होता. शेवटी हळूच म्हणाला, "लई उपकार झाले अक्का."

लगेच मालकांना फोन लावला. पाणी उकळा, गौरीला बिदरला नेऊन रक्त दाखवा. मालक म्हणाले, "तू काय करून बसलीस हे तुला कळायलंय का? गाव तोंडात शेण घालंल." मी म्हटलं, घालू दे, आधी पाणी उकळा.

टीम त्याच दिवशी पोचली. पिवळ्या डोळ्यांच्या लोकांची रक्तं घेतली. आधी कुणी दंड पुढं करेना, कारण पथ्यात सुई नाही. पण पोरीबाळींच्या काळजीनं एकेक तयार झाला. सगळ्यांना तीच कावीळ निघाली. पाण्याच्या टाकीपासून निघालेली पाईप एका ठिकाणी गटारीतून गेली होती, तिथला सांधा सैल झाला होता. पाणी बंद असलं की गटारीतली घाण आत ओढली जायची आणि नळ सुटला की घरोघर पोचायची. सांधा होता माझ्या गिरणीसमोर. रोज त्या गटारीवरच्या फरशीवरून लोक पीठ घेऊन जात होते. पाणी तोडलं, टँकर आला, क्लोरीनच्या बाटल्या वाटल्या. गावातल्या सगळ्या पोटुश्या बायांना तपासलं.

त्यांच्यातली एक आजारी निघाली. आमच्या मागच्या आळीतली सून, आठवा लागलेली. तिचे डोळे पिवळे झालेही नव्हते, नुसती तापाची कसर होती अंगात. तिला त्याच गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिचा आयएनआर बिघडायला लागला होता. अजून थोडं थांबलो असतो तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला सांगितलं, त्यानं गावात सांगितलं. ती वाचली. तिचं बाळही वाचलं.

गौरीचा रिपोर्ट नीट आला. मी रडलेच. पण डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "लगेच खूश होऊ नका. हा विषाणू शरीरात गेल्यावर दिसायला काही आठवडे लागतात. परत तपासू."

वाट बघणं काय असतं हे मला तेव्हा कळलं. मला घरी सोडलं, म्हणजे भावाच्या घरी. माझा पिवळेपणा उतरत होता, भूक लागत होती, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. रोज गौरीला व्हिडिओ कॉल करून म्हणायची, डोळे दाखव. एका संध्याकाळी तिचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसले. गौरी म्हणाली, "आई, सैपाकघरातला बल्ब पिवळा हाय. मी बी पिवळी, भिंत बी पिवळी." त्यानंतर रोज तिला उन्हात उभी करून बघायची. पोरगी वैतागायची, पण उभी राहायची.

शांतक्कानं माझ्याशी बोलणं सोडलं होतं. तिला बरं वाटायला उशीर लागत होता आणि तिच्या मते तो माझ्यामुळं. "गंगूनं गावभर केलं, माझं औषध गेलं." गंगू म्हणजे मी. हे मला गौरीकडून कळायचं. मी फोन केला की ती फोन चुलीपाशी ठेवून निघून जायची. मला वाईट वाटायचं. रागही यायचा, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या वेळी रक्त घ्यायला गौरी गुलबर्ग्याला आली. रिपोर्ट परत नीट. डॉक्टरीण बाई चकित झाल्या. एवढे दिवस त्याच घरात, त्याच नळावर. "तू पाणी कुठलं पीत होतीस गं?" त्यांनी विचारलं.

"मोठी माय देईल तेच," गौरी म्हणाली. "मला जळजळ व्हायची ना. ती रोज ओवा घालून पाणी उकळायची आणि तांब्या भरून मला देऊन जायची. नळाचं पाणी प्यायले तर ओरडायची. लई कडू लागायचं."

मोठी माय म्हणजे शांतक्का. स्वतः नळाला तोंड लावून पिणारी शांतक्का. माझ्यावर रुसून बसलेली शांतक्का. त्या खुर्चीवर बसून मला हसावं की रडावं कळेना. डॉक्टरीण बाईंनी मात्र मान डोलावली आणि म्हणाल्या, "ओव्याचं माहीत नाही. उकळणं कामाला आलं."

गौरीला मुलगी झाली. दोघी ठणठणीत आहेत.

तुमच्यापैकी कुणाला कावीळ झाली तर एवढंच सांगते. कुणाकडं औषध घ्यायचं ते तुम्ही ठरवा, पण रक्त आधी दाखवा आणि गावच्या आशाताईला खरं सांगा. घरात पोटुशी बाई असेल तर एक दिवसही थांबू नका. पलीकडच्या अप्पांकडं बिदरचे ते डॉक्टर स्वतः जाऊन आले. अप्पा आता कुणी आलं की गाव विचारतात आणि एकाच गावचे जास्त झाले की फोन करतात. पोटुश्या बायांना औषध देत नाहीत, दवाखान्यात पाठवतात. हे मला त्या डॉक्टरांनीच सांगितलं. आपलं दुखणं आपल्यापुरतं नसतं, त्याच नळाचं पाणी शेजारी पण पितात, एवढं मला या आजारपणानं शिकवलं.

नातीला पाळण्यात घालायच्या दिवशी शांतक्का आली. माझ्याकडं न बघता सरळ सैपाकघरात गेली. मी मागून गेले. गॅसवर बाळंतिणीचं पाणी उकळत होतं. तिनं झाकण काढून बघितलं, ओव्याचा डबा शोधला, चिमूटभर ओवा टाकला आणि परत झाकण ठेवलं.

पाण्याकडं बघतच म्हणाली, "गंगू, त्या बिदरच्या पोराला हे बी सांगितलीस का न्हाई?"

"काय?"

"पोरीला पाणी कोण उकळून देत होतं ते. माझी कावीळ बरी गावभर केलीस. हे कामून सांगत न्हाईस?"

म्हटलं, अक्का, सांगते. म्हणून हे लिहिलं.