मामांची तैनाती फौज

इंग्रजांनी हिंदुस्थान कसा गिळला हे अख्ख्या आळंदच्या बाजारात एकट्या माझ्या थोरल्या मामांनाच नीट कळलेलं होतं, आणि त्या ज्ञानाचा त्यांना स्वतःला काडीचाही उपयोग झाला नाही. मामा तुरीचे आडते. दुकानात माणूस आलं की आधी इतिहास, मग चहा, आणि वेळ उरला तर तूर. जगातली सगळी माणसं त्यांनी चार टोपीकरांत वाटून टाकली होती. सगळ्यांच्या आधी येऊन दारातच अडकून पडतो तो पोर्तुगीज. मालापुरता येतो आणि गप्पा न मारता जातो तो वलंदेज, म्हणजे डच. रुबाब मोठा, पण घरून मदत नाही, तो फ्रेंच. आणि हात जोडून, मान खाली घालून "थोडी जागा मिळंल का?" असं विचारतो तो इंग्रज. स्वतःच्या जावयाला ते तोंडावर फ्रेंच म्हणत. जावयाला ते कौतुक वाटे.

इंग्रजाची त्यांना भारी धास्ती. बियाणं विकणारा एक जण एकदा टळटळीत उन्हात आला. मामांनी त्याला प्रेमाने बसवलं, चहा मागवला. तेवढ्यात तो बिचारा म्हणाला, बाजारात फिरून येईपर्यंत पिशवी इथं ओट्यावर ठेवू का? मामा ताडकन उठले. "सुरतेत बी त्येंनी आधी जागाच मागितली हुती! कामून दिऊ? उचल!" त्याने पिशवी मांडीवर घेऊन चहा संपवला आणि पुन्हा कधी त्या गल्लीत पाय ठेवला नाही.

मला ते लढाया धान्यावर शिकवत. पोत्यावर तूर म्हणजे इंग्रज, हरभरा म्हणजे फ्रेंच आणि मधोमध गुळाचा खडा म्हणजे निजामाची गादी. "गादीसाठी घरातलेच भांडायलेत बघ. काका-पुतण्या, भाऊ-भाऊ. एकाच्या मागं फ्रेंच, दुसऱ्याच्या मागं इंग्रज. मंग इंग्रज म्हणला, फ्रेंचाची पलटण काढा, आमची तैनाती फौज ठिवा, तुमच्याच राखणीला. खर्च तेवढा तुमचा. त्या खर्चापायी मुलूख गेला. राखण करणाराच मालक झाला!" मग गादी ते स्वतःच्या तोंडात टाकत. मामी दोन्ही फौजा सुपात ओढून घेत आणि "तुमचे इंग्रज किडके हायती" म्हणत निवडायला बसत.

एवढं ज्याला कळलेलं, त्या माणसाने काय करावं? आजोबांची बाजारातली वखार दोघा भावांत वाटायची ठरली. आमच्याकडे रीत अशी की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे थोरल्याचा हात वाकडा पडत नाही. मामांनी तरीही हुशारी केली. रस्त्याकडचा वाटा लहान पाडला आणि मागचा मोठा. धाकटा मोठ्या वाट्याला भुलेल आणि मोक्याची जागा आपल्याकडे राहील, असा त्यांचा डाव. धाकट्या मामांनी शांतपणे रस्त्याकडचा वाटा उचलला. वखारीला दार एकच, तेही रस्त्याकडे. आपलाच डाव आपल्या गळ्यात पडला, पण मामांना राग आला तो भावाचा. पोती न्यायला वाट द्यायची की नाही, यावरून दोघांचं बोलणं तुटलं. मठात चार जाणत्यांनी बोलावलं, तर दोघंही गेले नाहीत; भांडण कोर्टात गेलं.

मग डाळीच्या एका मोठ्या कंपनीचा माणूस आला. हात जोडून आला. आमचा वकील कोर्टात तुमच्या वाटेसाठी लढेल म्हणाला; फक्त ती मिळाली की मागच्या वाट्यात आमची पोती राहू द्या. मामांनी जागा दिली. थोड्याच दिवसांत धाकट्या मामांच्या मागे दुसरी कंपनी उभी राहिली.

मला राहवलं नाही. "मामा, ही तैनाती फौज हाय."

"गप बस. माझी गोष्ट येगळी हाय."

प्रत्येक नबाब हेच म्हणाला असणार. भाऊ कोर्टात भांडत राहिले आणि तिकडे कंपन्यांनी आपसांत मिटवलं. एकीने दुसरीला विकतच घेतलं. भाडेपट्टे दोघा भावांनी केव्हाच करून दिले होते, आणि ते इतक्या लांब मुदतीचे की दोघांच्या हयातीत वखार काही सुटत नाही. कंपनीने मधली भिंत पाडली. आता मामांना आजोबांच्या वखारीत डोकवायचं असेल तर दारावरच्या पहारेकऱ्याला विचारावं लागतं. लोक हे हसत हसत सांगतात. मला हसू येत नाही, संताप येतो. कंपनीचा कमी आणि मामांचाच जास्त.

परवा आळंदला गेलो होतो. मामा मला बसपर्यंत सोडायला आले. वाटेत कुणाला फ्रेंच म्हणाले नाहीत की इंग्रज. बस लागल्यावर आपणहून म्हणाले, "निजामाला लई हसलो रे मी. इंग्रज चांगला वाटला म्हणून न्हाई जवळ केला त्येनं. भाऊ वंगाळ वाटला म्हणून केला."

मी खिडकीशी जाऊन बसलो, तशी त्यांनी गज धरला.

"हुमनाबादवरनंच जायलास न्हवं? धाकटा तिथं लेकाकडं हाय. गुडघे लई दुखायलेत म्हणं त्येचे. जरा उतरून बघ, अन् मला फोन कर."

"व्हय मामा, करतो."

बस हलली. दोन पावलं बसबरोबर चालत ते म्हणाले, "मी इचारलं म्हणू नको."