साहेब घरी नाहीत

मार्लो फोर्ड गावात पाहण्यासारखं एकच घर, आणि त्या घरात पाहण्यासारखं एकच दार. ओहायोच्या त्या कोपऱ्यात बसगाड्या थांबतात त्या दारासाठी. दाराला पितळेची जाड कडी आहे, हात लागून लागून मधोमध झिजलेली. पाहुण्याने ती तीनदा वाजवायची, मग आतून वेल्मा ह्राडेक दार उघडायची आणि एका दमात म्हणायची, "ज्याने माझी कडी वाजवली, त्याला माझं दार उघडं आहे, मग तो सेनेटर असो की दगड फोडणारा." पाहुणे टाळ्या वाजवायचे. काहींच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग पुढचा घोळका.

वाक्य घराच्या मालकाचं. तो एके काळी देशाचा राष्ट्राध्यक्ष होता. बाहेरगावच्या माणसाला त्याचं नाव यादीत बोट फिरवून शोधावं लागतं. मार्लो फोर्डमध्ये मात्र त्याचं नाव कोणी घेत नाही. नुसतं "साहेब" म्हणतात, जसा काही तो माडीवर दुपारची डुलकी काढतोय. निवडणुकीत साहेब गावोगाव हिंडला नाही. आपल्याच ओसरीवर उभा राहिला, लोक आगगाड्या भरून त्याच्याकडे आले, आणि तिथे त्याने हे वाक्य टाकलं. त्या काळच्या वर्तमानपत्रांत ते छापलेलं आहे, म्हणजे तो बोलला यात शंका नाही. बोलण्यात त्याला कोणी हरवलं नसतं.

वेल्मा आधी शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तिथे रोज तीनशे पोरांचं रांधायची. नवरा गेला, मग शाळाही दुसऱ्या गावात गेली, तेव्हा तिने या घरात वाटाड्याची जागा धरली. लांब काळा झगा, गळ्याशी पांढरी झालर, आणि हातात निळी वही. वहीत कुठल्या खोलीत काय बोलायचं ते लिहिलेलं. त्याबाहेर एक शब्द बोलायचा नाही, हा घराच्या मंडळाचा नियम. वहीत उत्तर नसलेला प्रश्न कोणी विचारला, तर त्याला एक कार्ड द्यायचं. त्याने त्यावर प्रश्न लिहून ओक लाकडाच्या पेटीत टाकायचा. दर मंगळवारी पेटी उघडायची आणि प्रत्येक कार्डाला लेखी उत्तर पाठवायचं. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. साहेबाच्या दाराची रीत पेटीनेही पाळायची, असा त्यामागचा मोठेपणा.

आणि लोक विचारायचे तरी किती. साहेब डावखुरे होते का, साहेबांना कुत्रं चावलं होतं हे खरं का, हे वाक्य नक्की कोणत्या पायरीवर उभं राहून म्हटलं. आणि दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारायचंच: कडी वाजवूनही दार उघडलं नाही, असं कधी झालं का? याचं उत्तर छापूनच ठेवलेलं होतं. "अशा एकाही प्रसंगाची नोंद नाही." वेल्मा सही करायची, पाकीट चिकटवायची.

सही करताना तिला आजी आठवायची नाही असं नाही.

आजी, झुझाना, स्लोवाकियातून आलेली; घरात तिला बाबका म्हणायचे. तिचा नवरा ओंद्रेय गावाच्या दगडखाणीत होता. १८९४ साली खाणीत संप झाला. साहेब तेव्हा पद सोडून घरी येऊन बसला होता, आणि खाणीत त्याचीही भागीदारी होती. घरात सांगायचे की आपले लोक त्याच्या दारावर गेले होते. गव्हर्नरला एक चिठ्ठी लिहा, शिपाई पाठवू नका म्हणावं, एवढंच मागायला. दोन दिवस कडी वाजवली. दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी शिपाई आले. खाणीच्या फाटकाशी चार माणसं पडली, त्यांत ओंद्रेय होता. वेल्माची आई तेव्हा पोटात होती. त्यानंतर झुझाना जन्मभर त्या घरासमोरून चालली नाही. गुडघाभर बर्फ असलं तरी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जायची.

वेल्माने त्याच घरात नोकरी धरली, तेव्हा आई आठ महिने तिच्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा म्हणाली, "तुझ्या आजोबाला दोन दिवसांत जमलं नाही, ते तू एका अर्जात केलंस. शाबास."

"आई, मी सगळीकडे विचारलं," वेल्माने सांगितलं होतं. "कुठेच नोंद नाही. बाबकाचं दुःख खरं, पण दाराचं ते मागाहून जोडलेलं असणार."

आईने तोंड भिंतीकडे केलं. दोन वर्षांनी ती गेली, तेव्हाही हा विषय तिथेच पडलेला होता. वेल्माला मात्र खरंच तसं वाटायचं. रोज वीस वेळा एखादं वाक्य म्हटलं की ते आपल्याच तोंडातलं होऊन जातं. ते बोलून गेलेला माणूस वाईट असेल हे मग पटत नाही.

साहेबाची भाषणं आणि पत्रं अकरा खंडांत बांधलेली आहेत. कुठून कुठून पंडित येतात, चष्मे पुसत ती वाचतात. स्वयंपाकघरात काचेखाली आणखी एक वही होती, होनोरा केहो या आयरिश स्वयंपाकिणीची. तीस वर्षं ती एकाच पानावर उघडी होती. टर्की, क्रॅनबेरी, तीन तऱ्हेच्या गोड पेस्ट्र्या, असा नोव्हेंबरातल्या सणाच्या जेवणाचा बेत. त्या पानापलीकडे कोणी गेलंच नव्हतं. राष्ट्राध्यक्षाचं वाक्य चाळून चाळून पाहणारे लोक, पण स्वयंपाकिणीची वही कोण वाचतो?

१९९५च्या जानेवारीत शहरातून कागदाची डागडुजी करणारा माणूस आला. उजेडाने शाई उडतेय, दर महिन्याला पान उलटत जा, असं सांगून गेला. मंडळाच्या अध्यक्षा डेल्फीन ॲटवॉटर यांनी ते काम वेल्माला दिलं. बाई साहेबाच्या भावाच्या पणती. उंच, ताठ, आणि मोत्यांची माळ झोपतानाही काढत नसतील अशा. कोणतं पान उघडायचं, असं वेल्माने विचारलं, तर म्हणाल्या, "कुठलंही उघड गं. सगळा कांदा आणि मैदाच आहे."

मार्चमध्ये एका सोमवारी, घर बंद असताना, वेल्माने पांढरे हातमोजे घालून काच उचलली. तिचं मन पंडितांसारखं नव्हतं, रांधणाऱ्या बाईचं होतं. माणसं किती, मटण किती, उरलं त्याचं काय केलं, हे ती चवीने वाचत गेली. वाचता वाचता १८९४ साल आलं.

"१४ मार्च. सकाळपासून खाणीतली अकरा माणसं पुढच्या दारी. घरी नाहीत म्हणून सांग, साहेब म्हणाले. खिडकीतून सांगितलं. कडी वाजतच आहे. रात्रीचं जेवण कोठीघरात वाढलं, जेवणघरातला दिवा बाहेर दिसतो म्हणून. थंड मटण, मोहरी, लोणच्यातलं बीट. साहेबांनी दोनदा घेतलं."

"१५ मार्च. माणसं पुन्हा आली. साहेब डोकं दुखतं म्हणाले, म्हणून मागच्या दाराने जाऊन कडीला फ्लॅनेलचं कापड गुंडाळलं. त्यांतला एक टोपी काढून बाजूला झाला, मला नीट गुंडाळता यावं म्हणून. थंड मटण संपलं."

"१६ मार्च. आज कोणी नाही. फ्लॅनेल सोडून धुवायला टाकलं."

सोळा मार्च ही तारीख वेल्माला कोणी सांगायला नको होती. कबरस्तानात चार नावांखाली ती एकदाच कोरलेली आहे. दगड महाग म्हणून.

ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. बाबका खरं बोलली होती. आणि आईला, मरणाच्या दोन वर्षं अलीकडे, आपण सांगितलं होतं की नोंद नाही. नोंद होती. आपण डबा खायला बसायचो तिथून चार हातांवर, काचेखाली, टर्कीच्या मागे.

दुसऱ्या दिवशी तिने वही ॲटवॉटरबाईंसमोर ठेवली. बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाल्या की नोकरमाणसं काहीबाही लिहितात, डोक्यात राग असतो.

"राग कुठेय यात?" वेल्मा म्हणाली. "मटण आहे, बीट आहे."

बाईंनी आवाज मऊ केला. मे महिन्यात साहेबांची दीडशेवी जयंती. राजधानीतून टीव्हीवाले येणार, बारा बसगाड्या आधीच ठरलेल्या. जयंती होऊ दे, मग आपण समिती नेमू. तोवर प्लम पुडिंगचं पान उघडून ठेव. आणि निळ्या वहीतलं वाक्य आहे तसंच म्हण, नोंद नाही हेसुद्धा.

"ते मला आता म्हणता यायचं नाही."

"वेल्मा, बावीस वर्षं या घराचं मीठ खाल्लंयस तू."

"मी डबा घरून आणते, मिसेस ॲटवॉटर."

बाई उठल्या, वही कपाटात ठेवली, आणि कपाटाला कुलूप लागलं. जाता जाता एवढंच म्हणाल्या की जयंतीला दार नीट उघडलं नाही, तर दुसऱ्या दिवशी झगा परत आणून द्यायचा.

गोष्ट गावात फुटायला आठवडा लागला नाही. बेकरीतली मुलगी वेल्माला बघून पाव बांधायला आत निघून जायला लागली. चर्चमध्ये तिच्या बाकावर ती एकटीच. मोटेलवाल्याने तर भर रस्त्यात विचारलं की शंभर वर्षांपूर्वीच्या चार मुडद्यांसाठी जिवंत गावाच्या पोटावर पाय देणार का. गाव असंच आहे. साहेबाने त्याला पुतळा दिला, तिकीटखिडकी दिली, तेवढ्यावर ते त्याचं राखणदार झालं. ज्यांच्या आज्यांनी रस्ता ओलांडला, त्यांचीच नातवंडं आता त्या घराचे कप विकतात.

एकटा तिकीटखिडकीवरचा लॉइड पेनी बोलायचा, तोही इकडे तिकडे बघून. "काय गं, साहेबाला खाली ओढतेस म्हणे? सांभाळ, जड आहे. दोनदा मटण खायचा."

वेल्मा हसली नाही. तिने रात्री घरी एवढंच ठरवलं की खोटं बोलायचं नाही आणि पळूनही जायचं नाही. यांतून तिसरं काय निघतं ते तिलाही दिसत नव्हतं.

जयंतीची रीत ठरलेली. सकाळी चर्चच्या तळघरात सगळ्या गावाला पॅनकेक. अकरा वाजता मिरवणूक ओसरीशी येते, साहेबाच्या घराण्यातलं माणूस, म्हणजे ॲटवॉटरबाई, कडी वाजवतं, दार उघडतं, वाक्य होतं, बँड वाजतो, केक कापतात. त्या वर्षी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. वेल्मा झगा घालून दाराआड उभी होती. पितळ वाजलं. एक, दोन, तीन.

तिचा हात सवयीने खिट्टीवर गेला. बावीस वर्षांचा हात. तो तिने मागे घेतला.

पुन्हा तीन. बाहेर कोणीतरी हसलं, म्हातारी झोपली वाटतं. पुन्हा तीन, या खेपेस जोरात. मग हसू थांबलं. आतून ते सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. कडीवरून हातमोजे सरकल्याचा आवाज, बाईंचा श्वास, मागे बँडवाल्यांची चुळबूळ. आत इतकं ऐकू येतं, हे वेल्माला पहिल्यांदाच कळलं. आजवर तिने तिसऱ्या ठोक्याला दार उघडलं होतं. म्हणजे साहेबालाही तेव्हा ऐकू येत होतं. कोठीघरात, मटण चावताना.

"वेल्मा," दाराला तोंड लावून बाई हळू म्हणाल्या, "उघड. माणसं बघतायत."

वेल्मा दाराजवळ गेली आणि स्वयंपाकिणीने सांगितलं असेल तशा आवाजात म्हणाली, "साहेब घरी नाहीत."

ओसरीवरच्या माइकने ते अंगणभर नेलं.

कडी आणखी बराच वेळ वाजली. मग कडीऐवजी मुठी आल्या, मग शिव्या. बँडमधल्या कोणीतरी पायरीला लाथ घातली. एवढी माणसं, एवढे पॅनकेक खाऊन आलेली, आणि दहा मिनिटं बंद दारापुढे उभं राहणं त्यांना सोसलं नाही. शेवटी लॉइड मागच्या दाराची किल्ली घेऊन आला. वेल्मा कोठीघरात स्टुलावर बसली होती, झगा घडी करून मांडीवर ठेवलेला. त्याने तिला वाट करून दिली.

टीव्हीवर ते अर्धा मिनिट दाखवलं. महिनाभर पेटीत साहेब त्या दिवशी घरी का नव्हते असं विचारणाऱ्या कार्डांचा खच पडला. मंडळाने सगळ्यांना एकच उत्तर छापून पाठवलं, की वाटाड्या बाईंची प्रकृती ठीक नव्हती. आता दार एक कॉलेजातली मुलगी उघडते. काचेखाली वही परत आली आहे, प्लम पुडिंगच्या पानावर.

वेल्मा रस्ता ओलांडत नाही. दर मंगळवारी ती खिडकीवर येते, म्हाताऱ्यांच्या सवलतीचं तिकीट काढते, पेटीशी जाते आणि कार्डावर लिहिते: "स्वयंपाकिणीच्या वहीतलं १४ मार्च १८९४चं पान पाहायला मिळेल का?" खाली नाव, पत्ता. घराच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कार्डाला उत्तर द्यावंच लागतं. या एका कार्डाला अजून आलेलं नाही.

परवा ॲटवॉटरबाई पेटीपाशी आडव्या आल्या. म्हणाल्या, दर आठवड्याला कशाला तिकीट काढतेस, वेल्मा, आता पुरे कर.

"पुरे कसं?" वेल्मा कार्ड फटीत सारत म्हणाली. "कडी वाजवायचा अजून दुसराच दिवस चाललाय."

बाहेर ओसरीवर नवा घोळका आला होता, आणि कोणीतरी कडी वाजवत होतं.