मामीनं सिस्टीमला बाहेर बोलावलं

“त्या सिस्टीमला भाईर बोलवा आधी! मला तिच्याशी बोलायचं हाय, तुमच्याशी न्हाय!”

हा आवाज बँकेच्या काउंटरवरून निघाला, काचेच्या दारावर आदळला आणि तसाच रस्त्यावर गेला. समोर वडापच्या गाडीत कोंबून बसलेली माणसं खाली उतरून बघायला लागली. आत पैसे मोजणाऱ्या कॅशियरचा आकडा चुकला. सिक्युरिटीचा माणूस आपली बंदूक खरी आहे की नुसती दाखवायची, हे विसरून गेला.

आवाज माझ्या मामीचा होता. अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात माझ्या मामीपेक्षा मोठ्यानं वाजणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे शिरोली एमआयडीसीतला पाळी सुटल्याचा भोंगा. आणि त्या बिचाऱ्याला निदान वेळापत्रक आहे.

तसा यात मामीचा दोष नाही. पेठेत तिचं चटणी कांडायचं दुकान आहे. डंक, म्हणजे विजेवर वर-खाली होणारी लोखंडी मुसळांची रांग, सकाळी सुरू होते ती दिवेलागणीला थांबते. त्या धडधडीत गिऱ्हाइकाशी बोलायचं तर पोटातूनच ओरडावं लागतं. पंचवीस वर्षं असं ओरडल्यावर तिचा आवाज जो वर चढून बसला, तो डंक बंद झाला तरी खाली उतरायचं नाव घेईना. मयताला गेली तरी ती सांत्वन असं करते की मेलेल्या माणसालाही धीर यावा. एकदा तिनं मला दारामागं ओढून, तिच्या हिशेबानं अगदी कानात, एक घरगुती गोष्ट सांगितली आणि बजावलं, “कुणाला बोलू नगंस हां.” तर तीन घरं सोडून पलीकडची बाई धुणं वाळत घालता घालता म्हणाली, “न्हाय बोलत, वैनी.” जोतिबाला जाऊन मामीनं एकदा ‘चांगभलं’ म्हटलं, तेव्हा देवळावरची कबुतरं जी उठली ती थेट पन्हाळ्यावर जाऊन बसली, आणि त्यातली निम्मी अजून तिकडंच आहेत. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं पन्हाळ्यावर जाऊन कबुतरं बघून यावीत.

या आवाजाला नवरा मात्र असा मिळाला होता की शेजारी बसला तरी आहे की नाही हे चाचपून बघावं लागे. मामा पाट्या रंगवायचे. पेठेतली निम्मी दुकानं मामांच्या अक्षरात उभी आहेत. फ्लेक्स आल्यावर धंदा बसला, तरी मामांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. केली असेल तर ती कुणाला ऐकू गेली नाही. मामी गगनबावड्याच्या बहिणीला फोन लावायची. तिकडच्या पावसात रेंज कायम बुडालेली, त्यामुळं मामी आणखी जोर लावायची. तेव्हा मामा ब्रश धुता धुता हळूच म्हणायचे, “फोन ठेव की. तसंच ऐकू जातंय तिला.”

उधारीच्या बाबतीत मात्र दोघांचं एकमत होतं. मामीचा सिद्धांत असा की कर्ज म्हणजे पावणा. आला की चहापाणी करावं, पण मुक्काम वाढू देऊ नये. म्हणून नव्या डंकासाठी बँकेचं कर्ज काढलं, तेव्हा हप्त्याची तारीख दोघांच्या घरात सणासारखी पाळली जायची. कर्ज मामांच्या नावावर, जामीन मामी. त्या दिवशी सकाळी मामा अंघोळ करून, टोपी घालून बँकेत जात, रोकड खात्यात भरत आणि मगच घरी येऊन नाष्टा करत. मोबाइलवरून पैसे भरता येतात हे मी त्यांना पुष्कळदा समजावलं. मामी म्हणायची, “देणं हातानं द्यायचं अस्तंय. बोटानं न्हाय.”

आणि मग एका साली नेमक्या हप्त्याच्या तारखेला पंचगंगा पेठेला भेटायला आली.

मामांनी तरी अंघोळ केली. पुराच्या पाण्यानं वेढलेल्या माणसाला अंघोळ करायची काय गरज, असं तुम्ही म्हणाल. पण तारीख म्हणजे तारीख. नोटा प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी टोपीत, टोपी डोक्यावर, असे ते कमरेएवढ्या पाण्यातून निघाले. पुढं बोट घेऊन आलेल्या जवानानं विचारलं, कुणाला बाहेर काढायचंय? मामा म्हणाले, कुणाला नाही, हप्ता भरायचाय. जवानानं त्यांना बोटीत घेतलं, बँकेच्या समोर नेऊन दाखवलं आणि परत आणून सोडलं. बँकेच्या पाटीची वरची ओळ तेवढी पाण्याबाहेर होती. त्या दिवशी मामा जेवायला बसले आणि ताटावरून उठले. “हप्ता ऱ्हायला गं,” एवढंच म्हणाले.

पाणी ओसरून बँक उघडली त्या पहिल्या दिवशी चिखलातून गेलेलं पहिलं गिऱ्हाईक मामाच होते. त्यांनी राहिलेला हप्ता भरला आणि उशिराचा दंड किती ते विचारलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, काका, पुरातलं कोण धरतंय, ते माफच असतंय. मामांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी पेठेची रीत पाळली. आमच्याकडं पूर येऊन गेला की पाणी कुठवर चढलं होतं तिथं भिंतीवर रेघ मारून तारीख टाकायची पद्धत आहे. बाकीची माणसं ती कोळशानं मारतात. मामा ऑइलपेंटनं मारायचे, सरळ, लाल, आणि शेवटाला ब्रश उचलताना गळासारखा वळलेला एक बारीकसा आकडा सोडायचे. दुसऱ्या कुणाला तो जमत नसे. बँकेच्या आतल्या भिंतीवरही त्यांनी तशी रेघ मारली. मजुरी म्हणून एक कप चहा घेतला.

त्याच थंडीत मामा गेले. बोलायचे तसेच गेले, आवाज न करता.

उरलेले हप्ते मामीनं फेडले, एकही न चुकवता. शेवटचा हप्ता भरून ‘काही देणं नाही’ असा दाखला मागायला ती मला घेऊन बँकेत गेली, आणि तिथं संगणकानं मामांचं नाव दाखवून खाली लिहिलं: थकबाकीदार. पुरातला तो हप्ता तारखेला खात्यात पैसे नसल्यामुळं परत गेला होता, म्हणून दंड. दंडावर कर. आणि तो दंड इतके दिवस भरला नाही, म्हणून दंडाच्या पोटी जन्मलेला आणखी एक दंड. कोल्हापूरची शाखा पाण्याखाली होती, पण मुंबईतला संगणक कोरडा ठणठणीत होता. त्यानं आपलं काम चोख बजावलं होतं.

रक्कम म्हणाल तर उन्हाळ्यातल्या एका दुपारी मामी मिरची कांडून तेवढे मिळवते. मी म्हटलं, भरून टाकू या आणि मोकळं होऊ या. मामीनं माझ्याकडं असं बघितलं की माझी मिरची झाली आणि मी डंकाखाली गेलो. “भरले तर हे चुकले असं हुतंय,” ती म्हणाली. “आणि हे चुकलं न्हाईत. लोकांची नावं लिवण्यात त्यांचा जल्म गेला. त्यांचं नाव असं कोण लिवतंय, बघतोच मी.”

आमच्याकडच्या बायका आलो-गेलो असंच बोलतात. मॅनेजर नागपूरकडचा, तरुण, गोरागोमटा, स्वभावानं इतका मऊ की अशा माणसाला वसुली कशी जमत असेल याची मला काळजी वाटायची. ‘बघतोच मी’ म्हणणारी बाई त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बघितली होती. त्याचं एकच म्हणणं, काकू, हे मी नाही केलं, सिस्टीमनं केलं. त्यावर मामीनं सिस्टीमला बाहेर बोलावलं, ते तुम्ही सुरुवातीला ऐकलंतच.

सिस्टीम काही बाहेर आली नाही. मामी मात्र दर सोमवारी जायला लागली. डंक थोडा वेळ बंद ठेवून तशीच उठून यायची, त्यामुळं लुगड्यावर, केसांवर, पिशवीवर तिखटाची पूड. मामी आत शिरली की आधी सिक्युरिटीवाला शिंकायचा, मग रांग, मग काउंटर, मग केबिन. हळूहळू ही वर्दीच ठरून गेली. बाहेरून पहिली शिंक ऐकू आली की मॅनेजर खुर्ची सावरून बसायचा आणि चहा सांगायचा. चहा मामी प्यायची नाही. दंड लावणाऱ्याच्या घरचं पाणी कसं प्यायचं?

मॅनेजरनं सगळ्या वाटा धुंडाळून बघितल्या. एकदा म्हणाला, मुख्य कार्यालयाला विचारून अर्धा दंड माफ करून देतो. मामी म्हणाली, “सायेब, म्हस अर्धी गाभण असती का? चूक हाय तर पुरी लावा, न्हाय तर पुरी काढा.” पुढच्या सोमवारी तो अगदी काकुळतीला येऊन स्वतःच्या खिशातून पैसे भरायला निघाला. मामीनं त्याचं पाकीट त्याच्याच खिशात परत कोंबलं आणि आईच्या मायेनं, म्हणजे साधारण बसस्टँडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, त्याला सांगितलं की लेका, पगार घरी पाठवत जा.

शेवटी मुख्य कार्यालयानं उत्तर धाडलं. त्या दिवशी शाखा बंद होती याचा पुरावा शाखेनंच द्यावा. शाखेनं कागद शोधले, तर त्या महिन्याचे कागद पुरात भिजून गेलेले. म्हणजे बँक बुडाली होती हे सिद्ध करायचे कागद बँकेबरोबरच बुडाले होते. मॅनेजर नवा, कॅशियर नवा. पूर बघितलेलं त्या शाखेत कुणी उरलंच नव्हतं. “काकू, पूर आला होता हे मला मान्य आहे हो,” मॅनेजर म्हणाला, “पण आमच्या रेकॉर्डला आला नाही.”

मामीनं हे ऐकलं मात्र, आणि पंचवीस वर्षांचा तो चढलेला आवाज आणखी दोन माळे वर गेला. ती हातवारे करायला लागली तशी लुगड्यावरची तिखटाची पूड उडाली. केबिन शिंकलं. बँक शिंकली. एका म्हाताऱ्या पेन्शनरची कवळी निसटली, ती त्यांनी वरच्या वर झेलली. शिपायानं धावत जाऊन खिडक्या उघडल्या आणि पंखे फुल्ल सोडले. त्या वाऱ्यानं भिंतीवरचा कर्जाचा मोठा फ्लेक्स फडफडायला लागला, हसरं कुटुंब, हातात घराच्या किल्ल्या, आणि त्याचा एक कोपरा खिळ्यातून सुटला.

मामी बोलता बोलता थांबली.

मामी थांबली हे मी तरी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. ती भिंतीकडं बघत होती. फ्लेक्सच्या कडेला, त्या हसऱ्या बाईच्या कोपरामागून, लाल रंगाचं बोटभर टोक बाहेर आलं होतं आणि त्याच्या शेवटाला एक बारीकसा आकडा होता.

“सायेब,” मामी म्हणाली, आणि ती हे इतक्या हळू म्हणाली की मॅनेजर घाबरून उभाच राहिला. “तेवढं जरा काढता का?”

शिपायानं फ्लेक्स उतरवला. मागं भिंत होती, आणि भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या वर, फ्लेक्सच्या जागेत या टोकापासून त्या टोकापर्यंत, पातळी लावून ओढल्यासारखी एक लाल रेघ. रेघेखाली मामांचं अक्षर: ‘पाणी इथवर’. आणि तारीख. हप्त्याचीच.

मॅनेजर रेघेखाली जाऊन उभा राहिला. तो चांगला उंच माणूस, तरी हात वर केला तेव्हा कुठं बोटं टेकली. बँकेत कुणी शिंकेना. मग त्यानं शिपायाच्या हातात मोबाइल दिला आणि तिथंच, हात वर केलेल्या अवस्थेत, स्वतःचा फोटो काढून घेतला. तो फोटो मुख्य कार्यालयाला गेला. खाली त्यानं काय लिहिलं ते मला ठाऊक नाही; पण दंड गेला, त्याचा कर गेला, त्याचं पिल्लू गेलं आणि मामांच्या नावापुढचा तो शब्दही गेला. त्या भिंतीवर फ्लेक्स पुन्हा लागला नाही. बँकेत गेलात तर बघा, रेघ आहे. मॅनेजरनं तिच्यावरून कुणाला साधा चुनाही फिरवू दिलेला नाही.

दाखला मिळाला त्या दिवशी मामीनं बँकेतला चहा घेतला. दोन कप घेतला. मग स्कूटरवर माझ्या मागं बसली आणि पेठेपर्यंत एक शब्द बोलली नाही. बायको माहेरी गेलेल्या घरासारखं मला चुकल्या-चुकल्यासारखं वाटायला लागलं. दोनदा मागं वळून बघितलं, बाई आहे की वाटेत पडली. मला आपलं उगीचच वाटत होतं की अशी बाई माझ्या आजोळी आली खरी, पण आम्ही तेवढे आहोत का.

दुकानात आल्यावर तिनं पायातल्या चपला काढल्या, दाखला मामांच्या फोटोला टेकवून उभा केला, वारा लागून पडेल म्हणून त्याच्यापुढं मिठाचा डबा ठेवला. बाहेर मिरच्यांचे डबे घेऊन चार बायका ताटकळल्या होत्या. मामी पदर खोचून डंकाच्या बटणाकडं निघाली.

मी म्हटलं, “मामी, मामांना वाचून तरी दाखीव की.”

तिनं बटणावर हात ठेवला.

“कशाला?” ती म्हणाली. “इतकं सोमवार मी त्या मॅनेजरला ऐकू जावं म्हनून वरडत हुतो व्हय?”